सपरीतली चूल

गणपतरावांचं वर्षश्राद्ध सोमवारी आटोपलं, संध्याकाळच्या गाडीनं पाहुणे गेले, आणि मंगळवारी सकाळी मोठी पातेली अजून राखेनं घासून व्हायची होती तोच बळीराम मास्तर ठवकरांच्या अंगणात येऊन बाजेवर बसले. माणसाला काही वेळकाळ असतो. पण जनगणनेचं काम अंगावर पडल्यापासून मास्तरांचा वेळकाळ सुटला होता. शाळेतली पोरं मोकाट, मास्तर घरोघर, खांद्याला कापडी पिशवी आणि तोंडात एकच सवाल, तुमच्या घरी माणसं किती?

सवाल सोपा वाटतो. खैरटोलीत तो कोणालाच सोपा गेला नाही.

गाव ते केवढं! भिवापूरकडून येताना नाला ओलांडला की सुरू होतं आणि पेटवलेली बिडी विझायच्या आत संपतं. मास्तर इथं कित्येक वर्षं शिकवत होते, त्यांना वाटलं होतं की बसल्या जागी लिहून टाकू. पण मोजायला निघाल्यावर गाव वेगळंच निघालं. नत्थूजीनं आधी कामठीला मागावर काम करणारी पोरं मोजली, त्यांच्या बायका मोजल्या, नागपुरात शिकणारा पुतण्या मोजला, आणि समोर अंगणात खेळणाऱ्या नाती तेवढ्या विसरला. रुखमाबाईनं तर आकडा सांगायलाच नकार दिला. लेकरं मोजू नयेत, नजर लागते, देवाच्या दयेनं आहेत एवढंच लिहा, असं तिचं म्हणणं. शेवटी मास्तरांनी तिच्या दारात उभं राहून शाळेच्या हजेरीसारखी नावं पुकारली, तेव्हा पोट्टे सवयीनं 'हजर' म्हणत एकेक करून बाहेर आले. वय विचारावं तर कोणी पुराच्या साली झालेला, कोणी मानमोडीच्या साथीत. लहानूची आजी राहूनच गेली होती, कारण ती दाराआड निजलेली होती आणि घरच्यांना ती मोजायची असते हेच सुचलं नव्हतं.

हे सगळं मास्तर पुढच्या घरी चहा पिता पिता रंगवून सांगत. त्यांना या कामाचा चस्काच लागला होता म्हणा ना. गावात बाया जास्त आणि बाप्ये कमी, म्हातारे भरपूर, आणि लग्नाच्या वयाचा जवान तर हुडकावा लागतो, हे त्यांना यंदा प्रथमच कळलं होतं. आपलं अर्धं गाव नागपुरात आणि कामठीत राहून राहिलं, असं ते ज्याला त्याला सांगत होते, आणि ज्याला त्याला ते आधीपासून ठाऊक असूनही नव्यानं वाईट वाटत होतं.

ठवकरांच्या घरी मात्र महादेवराव तयार होते. वडील गेल्यावर हे पहिलंच नावानिशी सरकारी लिखाण. आजवर प्रत्येक कागदावर कुटुंबप्रमुख म्हणून गणपतराव. आता ती जागा थोरल्याची, म्हणजे आपली, हे कोणी बोललं नव्हतं, पण महादेवरावांनी सकाळीच आंघोळ करून कालचा धुतलेला सदरा घातला होता त्यावरून समजत होतं. मागच्या उन्हाळ्यात दारावर नंबर टाकायला माणसं आली तेव्हाही त्यांनीच सांगितलं होतं, एक घर, एक चूल. खैरटोलीत भाऊ भाऊ वेगळे झालेली घरं चिक्कार. न फुटलेलं घर ठवकरांचं, आणि ते तसंच राहिलं पाहिजे, यात महादेवरावांचा जीव होता.

त्यांनी धडाधड सांगायला सुरुवात केली. आपण, बायको सुभद्रा, तीन लेकरं, आई जिजाबाई, बहीण शोभा. मग आवाज जरा चढवून, धाकटा भाऊ अनंत आणि त्याची बायको पुष्पलता. मास्तरांनी पेन थांबवलं. अनंत तर नागपूरले राहते ना, म्हणाले.

अनंत ओट्यावर दाढी करत होता. धंतोलीतल्या एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसून बसून त्याला लोकांचं बोलणं मध्येच तोडायची सवय लागली होती. जन्म इथला, बाप इथं गेला, वावर इथं आहे, मग मोजायला तेवढा नागपुरात काय म्हणून, असं त्यानं विचारलं. मास्तरांनी शांतपणे सांगितलं की जो जिथं राहून खातो-पितो तो तिथं. आणि पुष्पलतेनं, ती आपली बिचारी पातेलं घासत होती, सहज बोलून टाकलं की आपण तर मागच्याच आठवड्यात तिकडच्या खोलीवर लिहून झालो, तुम्हीच तर नावं सांगितली. अनंतनं आरशातूनच बायकोकडे पाहिलं. गालावर अर्धा साबण तसाच राहिला. आपलं गाव आपल्याला मोजत नाही, ही गोष्ट त्याला फार लागली होती, आणि ती आपणच करून बसलो हे त्याहून जास्त.

"ठीक आहे," मास्तर म्हणाले. "तर मंग ज्याईचं एका चुलीवर रांधते, ते एक कुटुंब. आपली चूल एकच ना, महादेवराव?"

"एकच."

मास्तरांनी मान वर केली. त्यांचा स्वभावच तसा, दिसलं की विचारायचं. स्वयंपाकघराच्या कौलांवर धूर होताच, पण घराच्या मागच्या अंगाला, जिथं उतरतं छप्पर टाकून सपरी काढली होती, तिथूनही धूर येत होता.

"तो मागचा धूर कशाचा मंग?"

महादेवराव काही बोलायच्या आत शोभाताई सपरीतून बाहेर आली. हात पिठाचे. भिवापूरच्या सातऱ्यावर, मिरची वाळवायच्या आवारात, वाळलेल्या मिरच्यांचे देठ खुडायला जायचं होतं, म्हणून भाकरी थापत होती. काल तिनं खाडा केला होता वडिलांसाठी, आज जाणं भाग होतं. ती पदरानं हात पुसत मास्तरांसमोर उभी राहिली.

"तो माह्या चुलीचा धूर होये, मास्तर. मी वेगळी रांधते. माहं घर वेगळं लिहा."

 पातेल्यावरचा पुष्पलतेचा हात थांबला.

ही चूल तशी काही लपलेली नव्हती. शोभाताई कामठीहून कायमची परत आली त्याला नऊ वर्षं झाली. नवऱ्यानं तिथं दुसरी आणली, मूल होत नाही हे निमित्त झालं. आधी ती सुभद्रेच्याच स्वयंपाकघरात होती. मग एक दिवस दुधावरून काही बोलणं झालं. सुभद्रा काय बोलली हे आज दोघींनाही नीट आठवत नव्हतं, पण शोभाताई दोन दिवस जेवली नाही. तेव्हा गणपतरावांनी स्वतः नाल्यावरची माती आणून मागच्या सपरीत चूल घातली. त्यानं वाद मिटला असं सगळ्यांनी धरलं. चुली दोन झाल्या, पण घर एक, असं म्हणायची घराला सवय झाली. गावालाही झाली. मास्तरांनी नियम सांगेपर्यंत त्यात कोणाला काही खटकत नव्हतं.

महादेवरावांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरू लागली. लोक म्हणणार, काल बापाचं श्राद्ध झालं अन् आज भावानं बहिणीले वेगळं टाकलं. ते मास्तरांना समजावू लागले. ती सपरी याच घराची, चुलीतली लाकडं याच वावरातली, पाणी याच विहिरीचं, मग घर वेगळं कसं होते? मास्तर म्हणाले, विहिरीवर नाही, चुलीवर आहे नियम.

अनंत आला आणि दादाच्या शेजारी उभा राहिला. ही गंमतच. दोघांचं वाटणीच्या बोलण्यावरून काल श्राद्धाच्या पंगतीत धड बोलणं नव्हतं. आणि आता तोच अनंत सांगत होता, दादा म्हणते ते बरोबर आहे, घर एक आहे. त्याच्या मनात काय होतं ते सांगतो. आज चूल वेगळी लिहिली, उद्या ताईनं वावर मागितलं तर? नागपुरात राहून माणूस कायदा ऐकतो, अर्धाच ऐकतो, आणि अर्ध्याची धास्ती पूर्ण घेतो.

खरा चकवा सुभद्रेनं दिला. ती दारातून म्हणाली, "लिहू द्या ना वेगळी. खोटं काय सांगून राहिली ते?"

महादेवरावांनी बायकोकडे असं पाहिलं की विचारू नका. पण सुभद्रेचं गणित सरळ होतं. सात वर्षं ती मागून येणारा तो धूर पाहत होती. सणाला कोणी आलं की तिकडे पाही, मग सुभद्रेकडे पाही, आणि काहीच विचारत नसे. घर एक आहे म्हटलं की मग नणंदेला चुलीवरून उठवणारी भावजय कोण, हे आलंच. घर वेगळं असेल तर निदान ती तिच्या घरी रांधते, असं होतं. शोभाबाईवर तिचं फार प्रेम होतं असं नाही. पण आपल्या नावावरचं हे तिला पुसून पाहिजे होतं.

मास्तर उठले. तुमचं ठरू द्या, मी नत्थूजीच्या नाती लिहून येतो, म्हणाले आणि गेले. त्यांना नक्की काय ठरतं याची इतकी उत्सुकता लागली होती की चपला घालायच्या विसरून, पुन्हा येऊन घालून गेले.

शोभाताई त्या दिवशी सातऱ्यावर गेली नाही. सपरीत येऊन तव्यावरची करपलेली भाकरी काढून बाजूला ठेवली. पुष्पलता मागोमाग आली आणि लाकडाच्या ओंडक्यावर बसली. या दोघींचं फार बोलणं कधी झालं नव्हतं. नागपूरची, शाळेत शिकवणारी वहिनी म्हणजे शोभाताईच्या लेखी पाहुणीच. पण पुष्पलतेला खरोखर जाणून घ्यायचं होतं. ती ना दादांच्या बाजूनं होती ना वहिनींच्या.

"ताई, राग नका धरू," ती म्हणाली. "पण त्यात तुम्हाला भेटणार काय आहे? चूल तर तुमचीच आहे, कोणी काढून नाही घेऊन राहिलं."

शोभाताईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "मागच्या गणतीले मी कामठीले होती. त्याची बायको म्हणून लिहिली. आता तिथं दुसरीचं नाव लिहितीन. इथं दादाची बहीण म्हणून लिहितीन. मी कोणाची नाही असा मी म्हणत नाही, पुष्पा. पण सकाळी उठून मी पेटवते, मी कमावते, मी खाते. ते घर नाही तर काय होये? एकदा तरी कोणी मले विचारावं, तुह्या घरी माणसं किती. मी सांगीन, एक."

पुष्पलता ओंडक्यावरून उठली. मग ती म्हणाली की मी यांच्याशी बोलते. आणि खरंच बोलली. ओट्यावर जाऊन अनंतला हळू आवाजात काय सुनावलं कोण जाणे, पण गालावरचा साबण पुसून तो गप्प बसला तो शेवटपर्यंत गप्प बसला. म्हणजे दुपारपर्यंत महादेवराव एकटे पडले. बायको उलटी, भाऊ मुका. उरली आई.

जिजाबाई सकाळपासून आतल्या खोलीत पडून सगळं ऐकत होत्या. मास्तर परत आले तेव्हा महादेवरावांनी आईला हाताला धरून बाहेर आणलं आणि बाजेवर बसवलं. त्यांचं वय लिहायला मास्तरांना त्रास पडला नाही. मानमोडीच्या साली झाल्या, हे त्या स्वतःच अभिमानानं सांगत.

"माय, तू सांग," महादेवराव म्हणाले. "तू सांगशीन ते लिहू."

जिजाबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला. "लिही गा मास्तर, एकच चूल. याच्या बापानं घर वेगळं केलं नव्हतं. पोरीले बसायले जागा करून देल्ली होती, बस."

महादेवरावांनी श्वास सोडला. मास्तरांनी पेन उघडलं. लिहून मोकळे झाले असते, पण ते बळीराम मास्तर. त्यांना एक गोष्ट समजून घ्यायची होती, निव्वळ कुतूहल हो, दुसरं काही नाही.

"मंग मावशी, तुम्ही शोभाताईच्या हातचं जेवता ना?"

जिजाबाई पटकन बोलून गेल्या, "अरे बाप्पा, पोरीच्या घरचं कसं खाईन मी?"

आणि मग त्यांनाच ऐकू आलं आपण काय म्हणालो ते.

रीत सगळ्यांना माहीत होती. लेक देऊन टाकली की तिच्या घरचं अन्न आईबापांनी खायचं नाही, पाणी प्यायचं नाही. नातवंड झालं की मग तोंड मोकळं. शोभेला मूल झालं नाही, म्हणून जिजाबाईंचं तोंड कधी मोकळं झालंच नाही. आणि ती रीत त्यांनी कामठीहून उचलून इथं आपल्याच घराच्या सपरीत आणून पाळली होती. गणपतरावांनीही पाळली. ज्यांनी ती चूल आपल्या हातानं घातली त्यांनी तिच्यावरचा घोटभर चहा कधी घेतला नाही. शेवटच्या दुखण्यात शोभाताईनं तांदळाची पेज करून नेली, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. मग तीच पेज सुभद्रेनं आपल्या भांड्यात ओतून नेली. शोभाताईनं ते दारातून पाहिलं होतं. त्यावर ती कोणाशी बोलली नव्हती, आजही बोलली नाही. पण ती सपरीच्या खांबाला धरून उभी होती आणि तिचा चेहरा पाहून पुष्पलतेनं मान खाली घातली.

मास्तर अडचणीत आले. कपाळ खाजवत म्हणाले की मग ते लेकीचं घर झालं, आणि लेकीचं घर झालं तर मला वेगळं लिहावं लागते, मावशी, माझा इलाज नाही.

महादेवरावांनी मात्र वाट काढली. त्यांना वाटलं, ही फारच चांगली वाट आहे, आणि तसं पाहिलं तर होतीच. ते आईजवळ बसले.

"माय, आज तिच्या हातचा एक घास खाऊन घे. आत्ता, मास्तरासमोर. म्हणजे झालं. ते लेकीचं घर नाही, आपलंच घर आहे. एक चूल. शोभे, आन वं भाकर."

जिजाबाईंनी थोरल्याकडे पाहिलं, मग सपरीकडे. नाही म्हणाल्या नाहीत. घर एक राहावं एवढ्यासाठी त्या तो घास खायला तयार होत्या, हे सगळ्यांना दिसलं.

शोभाताईलाही दिसलं. सात वर्षं तिनं कधी एक भाकरी जास्तीची केली नाही, कारण ती कोणी खाणार नव्हतं. सणाला पुरण घातलं तर एकटीपुरतंच. आईनं आपल्या हातचं खावं ही इच्छा तिनं देवापुढेही कधी बोलून दाखवली नव्हती, बोललं की अपमान व्हायचा. आणि आता दादा भाकरी आण म्हणत होता, आई तोंड उघडायला तयार होती. फक्त एवढंच की तो घास पोटात गेला की सपरी दादाची, चूल दादाची, आणि कागदावर ती पुन्हा दादाच्या खाली बहीण. ती आत गेली. टोपलीतली भाकरी हातात घेतली. सगळ्यांना वाटलं आता घेऊन येईल. ती भाकरी परत टोपलीत ठेवून रिकाम्या हातानं बाहेर आली.

"असा नोको, माय," ती म्हणाली. "तुले भूक लागन तेव्हा खा, नाही तर खाऊ नोको. कागदासाठी माह्या हातचं खाऊ नोको. मास्तर, वेगळंच लिहा."

  महादेवराव उठून उभे राहिले, आता ते रागावणार असं सुभद्रेला वाटून ती पुढे आली. आणि जिजाबाईंनी हात वर केला.

म्हातारी विचार करत होती. तिचं असं होतं की एकदा विचारात पडली की आजूबाजूचं काही ऐकू येत नसे. तिला शोभेचं लग्न आठवत होतं. याच अंगणात मांडव होता. गणपतरावांनी लेकीचा हात जावयाच्या हातात दिला आणि तिनं स्वतः झारीतून त्यावर पाणी सोडलं. पाणी कोणाच्या हातावर सोडलं, कोणत्या घरासाठी सोडलं, हे तिला नीट आठवत होतं. ज्याला दिली त्यानं तर ठेवली नाही. मग हा सगळा नेम आपण कोणासाठी पाळला? इतकी वर्षं ही साधी गोष्ट आपल्याला सुचली कशी नाही, याचंच तिला नवल वाटत होतं.

"महादेव," ती म्हणाली, "मी हिले कामठीले देल्ली होती. सपरीले कोणाले देल्ली?"

महादेवरावांना समजलं नाही. "सपरीले कोण देईन, माय?"

"तेच म्हणून राहिली मी. दिल्या घरचं खाऊ नये म्हणते. हे घर मी देल्लंच नाही. हे तर तिनं केलं." मग ती मास्तरांकडे वळली. "वेगळी लिही हिले. अन् मलेही तिच्यातच लिही."

"मावशी, नियम असा आहे की रोजचं जेवण जिथं..."

"रोजचंच म्हणते मी. आजपासून."

आता महादेवरावांचं तोंड खरोखर पाहवत नव्हतं. प्रमुखपणाची हौस, न फुटलेलं घर, सगळं गेलंच होतं. पण ते त्यातलं काहीच बोलले नाहीत. एवढा दाढीमिशांचा माणूस, लहान पोरासारखं विचारून बसला, "माय, माहं काय चुकलं?"

जिजाबाईंनी त्यांना जवळ ओढून पाठीवरून हात फिरवला. "तुहं काही नाही चुकलं बाबू. तू पोसलंच मले. चुकलं माहं. जाय, तुह्या घरी तू मोठा आहे, नाव लिहून घे तुहं."

मास्तरांनी पिशवीतून नवा कागद काढला, मांडीवर पाटी ठेवली आणि घर तेच पण कुटुंब दुसरं असं काहीतरी पुटपुटत लिहू लागले. प्रमुखाच्या जागी ते जिजाबाईंचं नाव घालणार होते, वयानं मोठ्या म्हणून. म्हातारीनं अडवलं. रांधते कोण, कमावते कोण, तिचं नाव टाक, म्हणाली. मास्तरांनी शोभाताईचं नाव लिहिलं. खाली जिजाबाईंचं. आणि सवयीनं पुढचा सवाल केला, प्रमुखाशी नातं काय?

"माय होवो मी तिची," जिजाबाई म्हणाल्या.

मास्तर लिहायचं सोडून थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले. आजवर त्यांनी प्रमुखाची बायको लिहिली होती, मुलगा लिहिला होता, सून, नातू, बहीण लिहिली होती. प्रमुखाची आईही कैकदा लिहिली होती, पण वर प्रत्येक वेळी मुलाचं नाव होतं. असं खैरटोलीत पहिल्यांदाच लिहितो आहे, हे ते मोठ्यानं बोललेही, पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

कारण शोभाताई गडबडली होती. उन्हं पार डोक्यावर आलेली, सकाळच्या भाकरीला आता कडकपणा आलेला, ती म्हातारीला चावायची नाही. तिनं घाईघाईनं तांदळाचा डबा उघडला, मूठ भरली, थांबली. आणखी किती घालावे, आईला कसा लागतो, तिला काही कळेना. एका छपराखाली राहून आई रोज काय आणि कसं जेवते हे तिला माहीत नव्हतं, कारण जेवणाच्या वेळी ती तिकडे फिरकतच नसे.

"माय," तिनं सपरीतून विचारलं, "भात मोकळा करू का तुले गिल्ला लागते?"

जिजाबाईंनी उत्तर द्यायच्या आधी सुभद्रेनं दिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आत तिनं सासूचं ताट काढून ठेवलेलं होतं, त्यावर झाकण होतं. इतक्या वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं की ते ताट वाढायचं राहिलं. ती ताटाकडे पाहून आली होती.

"गिल्ला लागते त्याईले," ती म्हणाली. "दात नाहीत मागचे. अन् मीठ कमी टाकजा, शोभाबाई, पाय सुजतात."

मग ती आत गेली आणि ताटावरचं झाकण काढून वरण पुन्हा पातेल्यात ओतलं.